सुतक तिलाही

मी आणि बायकोनं शेवटचं बरोबर बसून काय केलं असेल, तर मेथी निवडली. करोनाच्या दिवसांत, नेदरलँड्समध्ये मुलाच्या घरी. नातीला सांभाळायला फिलिपिन्सहून आलेली ओ-पेअर पोरगीही आमच्यात बसून पानं खुडत होती. बायको तिला रोज पंगतीत बसवायची, म्हणायची, "घरात राहते ती घरचीच." त्याच आठवड्यात बायको दवाखान्यात गेली, ती परत आलीच नाही. दहन करून आम्ही घरी आलो. सुतकात आपण चूल पेटवत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भात आणून देतात. पण रोगाच्या भीतीनं कोण येणार? मुलगा म्हणाला, "बाबा, ती करेल की. तिला कुठलं आलंय सुतक?" पोरगी सुजलेल्या डोळ्यांनी उठलीसुद्धा. मी तिला हाताला धरून बसवलं आणि मुलाला म्हणालो, "तुझी आई हिला घरची म्हणत होती. आई गेली, की लगेच ही परकी झाली का रे?" त्यानं उठून नातीला दूध-पाव दिला, आम्ही सगळे उपाशीच निजलो. सकाळी मीच गॅस पेटवला. सुतक असू दे, उपाशी पोर बायकोला बघवली नसती. जन्मात कधी भात लावला नव्हता, तो खाली लागला. वरचा वरचा काढून पहिलं ताट त्या पोरीपुढं ठेवलं आणि तिचं जेवण होईपर्यंत शेजारी बसून राहिलो.