रिक्षात भरलेली वही

आतड्याच्या आजारावरच्या संशोधनात मी नाव घातलं, तेव्हापासून तिथल्या बाई दर सोमवारी ऑफिसात फोन करतात. मूळच्या तंजावरकडच्या; मराठी बोलायला मिळतं म्हणून मोठ्यानं बोलतात. "सार, शौचाला किती वेळा? रक्त?" चेन्नईत कुणाला कळतंय, म्हणे. आवाज शेजारच्या टेबलापर्यंत जातो, आणि तिथे नागपूरचा माणूस बसतो.

परवा तपासणीला गेलो तेव्हा त्यांनी माझी रोज भरायची नोंदवही चाळली. "सातही दिवसांचं अक्षर हललेलं. येताना रिक्षात भरलंत."

सात वेळा 'रक्त नाही' लिहिलं होतं. वैतागून मी नवी वही मागितली.

"नवी नाही. खोडायचंही नाही. जुनं वाचता येईल अशी एकच रेघ मारा, बाजूला खरं लिहा, सही करा."

पहिल्या ओळीपुढे मी 'रक्त' लिहिलं. बाईंनी बोट दुसऱ्या ओळीवर ठेवलं. बायकोलाही न सांगितलेलं ते मी आणखी सहा वेळा लिहिलं, सहीसकट.