मामाआधी मांडवात पोचलेली पिशवी

आमच्या घरात चार चाकं असलेली एकच वस्तू आहे, ती म्हणजे गॅसच्या सिलिंडरखालची ट्रॉली.

याचं आम्हाला कधी वाईट वाटलं नाही. उलट अभिमानच होता! आमचे आप्पा लातूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी, आणि शाळा सुटल्यावर पत्रकं काढणारे. पाणी येईना, काढा पत्रक. रस्ता उखडला, काढा पत्रक. मी अक्षरं गिरवली तीच मुळी 'बंधू-भगिनींनो, जागे व्हा!' या ओळीवर. बाकीच्या लेकरांना झोपताना गोष्टी ऐकायला मिळायच्या. मला मागण्या वाचून दाखवायचे. (सातव्या मागणीपर्यंत मी झोपायचे.) माझं नाव क्रांती ठेवलं, यातच सगळं आलं.

या सगळ्या पत्रकांत थोर पत्रक म्हणजे 'एसटी हाच सामान्यांचा रथ!' त्यात आप्पांनी जाहीर शपथच घेतली होती, की मी जन्मात स्वतःची मोटार घेणार नाही. ते पत्रक माझ्या कपाटात आहे. तोंडपाठ आहे. आणि सगळा घोटाळा तिथंच आहे.

कारण आप्पांना पन्नासावं लागलं.

सुरुवात मिशीपासून झाली. एका रविवारी ती काळी कुळकुळीत होऊन आली. मग जीन्स आली. मग काळा गॉगल आला, तो ते बँकेतसुद्धा लावायचे. संध्याकाळी फिरायला म्हणून निघायचे आणि मोटारींच्या शोरूमच्या काचेला नाक लावून उभे राहायचे. रात्री जेवताना मधेच म्हणायचे, "सगळ्यात शेवटी राहिलेला गुरुजी मीच हाय. शाळेच्या मैदानात सात गाड्या लागतेत, अन् आठवी माझी सायकल."

आई म्हणाली, "पन्नाशीचं वारं लागलंय. जाईल उतरून."

मी म्हणाले, "आई, हे वारं नाही. हे वैचारिक अधःपतन आहे!"

"ते काय असंल ते असंल, पापड घे."

खरं दुखणं वेगळंच होतं. आप्पांचा धाकटा भाऊ, आमचे महादेवकाका. नांदेडला खता-बियाण्यांचं दुकान. त्यांनी नवीकोरी पांढरी मोटार घेतली होती. आणि मुखेडच्या आत्याच्या पूजाचं, म्हणजे या दोघांच्या भाचीचं, लग्न ठरलं होतं. आमच्याकडं नवरीला पिवळी साडी मामानं आणायची, तीच नेसून तिनं अक्षतांना उभं राहायचं आणि मामानं तिच्या पाठीशी उभं राहायचं. मामा दोन असले तर मान थोरल्याचा. पण थोरला वेळेवर पोचला नाही, तर धाकटा तयारच असतो.

"महादेव हळदीपासून तिथं गाडी लावून बसणार," आप्पा म्हणाले. त्यांना आदल्या दिवशी शाळेतून सुटी मिळत नव्हती. "मी एक गाडी सांगितलीय. भाड्याची. एका दिवसापुरती."

मी उठले. कपाटातून पत्रक काढलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढलं. "'जो माणूस आपल्या एकट्याच्या सोयीसाठी हजारोंचा रस्ता अडवतो...' हे कुणी लिहिलं, आप्पा?"

आप्पांनी गॉगल काढला. मग फोन उचलून गाडी रद्द केली.

मला केवढा विजय झाल्यासारखं वाटलं म्हणून सांगू!

लग्नाच्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही तिघं अहमदपूरला उतरलो. तिथून मुखेडची गाडी धरायची. बारा पस्तीसचा मुहूर्त, हातात साडेतीन तास. आप्पा जाकीट, फेटा आणि गॉगलमध्ये. आई जरीच्या साडीत. मी नव्या उंच टाचेच्या सँडलमध्ये (तत्त्वं फक्त वाहनाबाबत होती). आणि माझ्या हातात ती निळी पिशवी, जिच्यात पूजाची पिवळी साडी.

स्टँडच्या दारातच एक जीपवाला ओरडत होता, "मुखेड, मुखेड, मुखेड! चला मामा, तीनच सीटा पायजेत, लगेच सोडायलो!"

आप्पांचे पाय थबकले. आई तर अर्धी वळलीच होती.

"खबरदार!" मी म्हणाले. आणि त्या जीपवाल्याला समजावून सांगायला सुरुवात केली, की खासगी वाहतूक एसटीचा गळा कसा घोटते, एसटी बुडाली तर तांड्यावरच्या पोरी शाळेत कशा जाणार, आणि या पापात त्याचा वाटा किती.

"बरोबर हाय ताई," जीपवाला म्हणाला. "बसता का?"

मी अजून मोठ्यानं सांगू लागले. तेवढ्यात धुरळा उडवत एक एसटी आत शिरली आणि सगळा स्टँड तिच्यामागं धावला. आता आमच्याकडचा कायदा तुम्हाला माहीत आहेच. गाडी थांबायच्या आत ज्याची वस्तू खिडकीतून आत पडली, जागा त्याची. रुमाल चालतो, टोपी चालते, एकानं लेकरू सारलेलं मी पाहिलं आहे. मी भाषण न थांबवता धावले, न थांबवता टाच उंचावली आणि "जनतेची गाडी जनतेनेच वाचवली पाहिजे!" असं म्हणत निळी पिशवी तिसऱ्या खिडकीतून आत सोडली.

नेम अचूक लागला. मी अभिमानानं मागं वळले.

"क्रांते," आई म्हणाली, "पाटी वाचलीस का?"

मी पाटी वाचली. लोहामार्गे नांदेड.

मी दाराकडं धावले तर दारात माणसांचा बोळा अडकलेला. कुणीतरी घंटी ओढली. गाडी हलली. मी "थांबा! साडी! मामा!" असं तिन्ही एकदम ओरडत फाटकापर्यंत पळाले, तिथं डाव्या सँडलची टाच मोडली आणि मी बसले. एसटी नांदेडच्या रस्त्याला लागली. आणि तो जीपवाला? त्याच्या तीन सीटा भरल्या होत्या. तो माझ्याजवळून जाताना हात करून म्हणाला, "येतो ताई!"

आई डोक्याला हात लावून म्हणाली, "आता महादेवभावजींना फोन करा. ते गाडी घेऊन लोह्याला जातील आडवे."

"मेलो तरी न्हाई," आप्पा म्हणाले. "महादेव साडी आणणार, महादेव मागं उभारणार, अन् मी काय मांडवात बुंदी वाढणार?"

त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मिशी काळी होती, पण माणूस एकदम म्हातारा दिसला. आणि हे सगळं एका पत्रकामुळं, आणि ते पत्रक वाचणाऱ्या कार्टीमुळं!

मग आप्पांनी गॉगल काढून खिशात ठेवला, जीन्स वर ओढली आणि चौकशीच्या खिडकीकडं चालू लागले. मी एक पाय उंच, एक पाय बुटका, अशी मागं.

खिडकीतल्या साहेबानं मान वर केली आणि तो खुर्चीवरून उठूनच उभा राहिला. "गुरुजी, तुम्ही?"

मला वाटलं आप्पांचा विद्यार्थी असेल. तसं नव्हतं. आप्पा गेली पंचवीस वर्षं एसटीच्या तक्रार वहीत लिहीत आले आहेत, हे मला माहीत होतं. पण काय लिहितात ते माहीत नव्हतं. लोक त्या वहीत शिव्या लिहितात. आप्पा चांगल्या कंडक्टरांची नावं लिहायचे! कुणी म्हातारीला हात धरून उतरवलं, कुणी सुटे परत आणून दिले, कुणी बाळंतिणीसाठी गाडी दवाखान्यापर्यंत नेली. तारीख, गाडी नंबर, बिल्ला नंबर, खाली सही. त्या वहीत कौतुक लिहिणारा दुसरा माणूस सापडणं अवघड. आणि ती पानं आपापल्या डेपोत जपून ठेवणारी माणसं गावोगाव पसरली होती.

साहेबानं नांदेडच्या गाडीच्या कंडक्टरला फोन लावला. स्पीकरवर टाकला. "पवार, तुझ्या गाडीत तिसऱ्या खिडकीला निळी पिशवी हाय का बघ. गुरुजींची हाय."

"कोणचे गुरुजी? वहीवाले?" पलीकडून आवाज आला. "थांबा... हाय हाय. साहेब, सीटवरच हाय. शेजारी एक आजोबा बसलेत, ते कुणाला हात लावू देईनात. म्हणतेत, जागा धरलेली हाय, ज्याची त्यालाच देणार. गाडीत बारा माणसं उभ्यानं चाललीत अन् पिशवी बसून!"

आजोबांना फोन दिला. आप्पा त्यांच्याशी स्वतः बोलले. "बाबा, पिशवी माझी हाय. भाचीची लग्नाची साडी हाय त्यात."

"रंग सांगा," आजोबा म्हणाले.

"पिवळा."

"काठ?"

आप्पा गडबडले. आईनं फोन ओढला. "हिरवा काठ, अन् पदरावर मोर!"

"हाव, मग तुमचीच. घेऊन जावा म्हणा," आजोबा म्हणाले. (पिशवी उघडून पाहिल्याशिवाय त्यांना मोर कसा कळला, हे मी विचारलं नाही.)

त्यानंतर आप्पा त्या खिडकीशी जे उभे राहिले, ते मी बघतच बसले. वेळापत्रकाकडं एकदाही न बघता ते सांगत होते, "पवारांनी लोह्याला उतरवायची. तिथून कंधार-मुखेड गाडी सव्वादहाला सुटते. ती मंगल कार्यालयावरूनच जाते. आम्हाला इथून दहा चाळीसची." साहेब नुसता मान डोलवत फोन लावत होता. शोरूमच्या काचेला नाक लावणारा माणूस हाच का? अहो, अख्ख्या विभागाच्या गाड्या या माणसाच्या डोक्यात धावत होत्या!

दहा चाळीसची अकराला आली. आम्ही उभ्यानं निघालो. जांबपर्यंत सगळं बरं होतं. मुखेडच्या वेशीवर गाडी थांबली ती थांबलीच. आठवडी बाजार! पुढं शेळ्या, मागं ट्रॅक्टर, मधे मिरच्यांचे ढीग. बारा वाजून दहा मिनिटं झाली. कार्यालय बाजाराच्या पलीकडं.

"उतरा," आप्पा म्हणाले.

"पळता येईल का तुम्हाला?" आई म्हणाली. "गुडघा काय म्हणतोय?"

"गुडघ्याला कुणी विचारलंय!"

आणि आप्पा पळाले. फेटा एका हातानं धरून, टोपल्यांवरून उड्या मारत, "सरका, मामा हाव मी, नवरीचा मामा!" असं ओरडत. बाजार सरकला! एका बांगडीवालीनं तर आपली हातगाडी ओढून वाट करून दिली. मागून आई. तिच्याही मागून मी, आता दोन्ही सँडल हातात घेऊन, कोथिंबिरीत पाय देत.

तिकडं कार्यालयात काय घडलं ते आम्हाला नंतर कळलं. पावणेबाराला दारात चक्क एसटी थांबली. बँडवाल्यांना सांगून ठेवलं होतं, की थोरला मामा एसटीनं येणार, आला की वाजवा. त्यांनी दणक्यात सुरू केलं. आत्या ओवाळायला ताट घेऊन धावली. दारातून उतरला खाकीतला कंडक्टर, आणि त्यानं दोन्ही हातांनी पुढं केली निळी पिशवी. ताट पुढं आलेलंच होतं, मग आत्यानं पिशवीलाच ओवाळलं. गाडीतल्या माणसांनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी यायलेत मागून. त्यांच्या आधी अक्षता टाकू नका, नाहीतर आम्हीच तक्रार लिहू!" आणि घंटी ओढून गेला.

आप्पा मांडवात शिरले तेव्हा बारा एकतीस झाले होते. महादेवकाका पूजाच्या मागं उभे. पूजा पिवळ्या साडीत. तिनं मान वळवून पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "बारक्या मामा, सरक. माझा मोठा मामा आला."

काका सरकले. नुसते सरकले नाहीत, त्यांनी पाण्याचा पेला आणला, थोरल्या भावाच्या पाठीवरची मिरचीची पूड झटकली आणि हळूच म्हणाले, "दादा, माझ्या गाडीला दारात कुणी बँड वाजवला न्हाई रे."

आप्पा हसले. धापा टाकत, घामानं निथळत, फेटा कानावर आलेला. पण पाठ अशी ताठ, की मी गर्दीत अनवाणी उभी राहून रडले. जेवणाच्या पंगतीत एकच विषय. आख्खं मुखेड आप्पांना बघायला येत होतं.

निरोपाच्या वेळी काका म्हणाले, "दादा, मला उद्या लातूरला काम हाय. चला, तुम्हाला घरापर्यंत सोडतो. गाडी चालू करून ठेवलीय."

आप्पांनी पन्नास माणसांसमोर छाती पुढं काढली. "न्हाई महादेवा. आम्ही आलो एसटीनं, जाणार एसटीनं. माझं सोड, मी एखादवेळेस ढिला पडंन. पण आमची क्रांती? मेली तरी असल्या गाडीत पाय ठेवायची न्हाई! हाव का न्हाई गं क्रांते? ...क्रांती कुठाय?"

सगळे मला शोधायला लागले. पंगतीत शोधलं, मांडवामागं शोधलं. शेवटी काकांनी सामान ठेवायला मोटारीचं दार उघडलं.

क्रांती मागच्या सीटवर होती. पूर्ण आडवी. एसी शेवटच्या नंबरवर, तोंडावर ओढणी.

बाहेरून आईचा आवाज आला, "उठवू नका तिला. लई तत्त्वं झाली आज, दमलंय लेकरू." आप्पा क्षणभर घुटमळले. मग "लेकरासाठी बसावं लागतंय," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणून पुढच्या सीटवर बसले आणि जांब यायच्या आत त्यांनी काकांना डॅशबोर्डवरच्या प्रत्येक बटणाचा उपयोग विचारून घेतला.

मी झोपले नव्हते. पण आता उठून बसायला तोंड कुठं होतं? तेव्हा लातूर येईपर्यंत मी अत्यंत निष्ठेनं घोरत राहिले.