पडद्यावरचा राम राम

दिवे मालवतात. मखमली पडदा बाजूला होतो आणि त्यामागे दुसरा, पांढरा पडदा उभा. साल एकोणीसशे अठ्ठावन्न, गाव नंदुरबार, प्रेमचंद शेठचं पत्र्याचं टॉकीज. बाकांवर बाजार उरकून आलेली माणसं, हवेत मिरचीचा खकाणा. अंधारातून पडद्यावर एकेक अक्षर उगवतं आणि ज्यांना वाचता येतं ते बाकीच्यांसाठी मोठ्यानं वाचतात. मि... र... ची. वाचता वाचता अक्षरं लालभडक होतात. पुढची रांग मुद्दाम ठसका लागल्यागत खोकते. सारं टॉकीज हसतं.

दुकानांच्या जाहिरातींचा हा खेळ करणारा लोटन मात्र कुणाला दिसत नसे. तो वर, मशीनच्या खोलीत. काचेला काजळी धरायची, सुईनं अक्षरं कोरायची, त्यावर दुसरी काळी काच ठेवून ती दिव्यापुढं हळूहळू सरकवायची. रंगासाठी मध्ये लाल कागद. सिनेमा कुठलाही असो, माणसं या अक्षरांसाठी लवकर येऊन बसत. ही जादू बघायला लोक जिना चढू लागले, तेव्हा शेठनी खेळ सुरू होताच खोलीला बाहेरून कडी घालायचा रिवाज पाडला. मशीनवाला दिलवरसिंग तिथं खुशाल डुलक्या काढी. लोटनला श्वास पुरत नसे. दिव्याची धग आणि भिंतीत वीतभर भोक, एवढंच त्याचं जग.

लोटन मूळचा रनाळ्याचा. तिथल्या शाळेत चित्रकलेचा मास्तर हवा होता आणि तिथले हेडमास्तर चुडामण गुरुजींनी ती जागा दिवाळीपर्यंत त्याच्यासाठी धरून ठेवली होती. उघड्या ओसरीत पोरांना घेऊन बसायचं, मान वर केली की आभाळ. त्याला तेवढंच पाहिजे होतं. पण शेठला सांगणार कसं? आईबाप गेल्यावर याच माणसानं त्याला ताटाला ताट लावून जेवू घातलं होतं. टॉकीजमागची राहती खोलीही शेठचीच. न सांगता निघून जाणं जिवाला पटेना, आणि समोर गेलं की जीभ टाळ्याला चिकटे.

"रोज सारा गावले अक्षरे दखाडस," त्याची बायको दगूबाई म्हणाली, "आन शेठले एक शब्द सांगता येत नही का तुले?"

"तोंडमाईन निंघत नही, दगू."

"मंग लिखीसन सांग."

दुसऱ्या दिवशी मिरचीनंतर नवी काच लागली. अक्षरं उगवू लागली आणि खाली वाचता येणाऱ्यांनी एका सुरात वाचलं, 'लोटन... उद्यापासून... येणार... नाही. शेठ, राम राम.'

लोटननं भोकाला डोळा लावला.

"कोणता दुकाननी जाहिरात शे रे ही?" कुणीतरी विचारलं.

"दुकाननी नही, नवं नाटक ई ऱ्हायनं गावमा."

मग शिट्ट्या, टाळ्या. पडद्यावर लिहिलेलं खरं असतं, असं आजवर कुणाला वाटलंच नव्हतं.

कडी निघाली. शेठ डोळे पुसत आत आले, हसून हसून आलेलं पाणी.

"कमाल केलीस, बेटा. उद्या हेच लाव. येतो की नाही, या उत्सुकतेनं गाव लोटेल."

"शेठ, ते मी..."

"बाकीचं आता काचेवर. मला आधी सांगू नकोस, मजा जाईल."

शेठ खाली गेले. जाताना सवयीनं कडी घातली.

"गडी जाऊन बी हाऊसफुल करस," दिलवरसिंग म्हणाला आणि कुशीवर वळला.

दुसऱ्या दिवशी खरंच गाव लोटलं. 'लोटन आला' असं लिहावं लागलं. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा 'लोटन चालला'. त्याचं जाणं हाच रोजचा खेळ झाला, आणि तो संपवायचा कसा ते त्याला सुधरेना. दिवाळी होऊन गेली. गुरुजी तरी किती थांबणार? रनाळ्याला दुसरा मास्तर आला.

पुढं तयार जाहिरातींच्या फिती येऊ लागल्या, काचा मागं पडल्या. लोटनच्या जाण्यायेण्याची काच आणि कडी मात्र राहिली. दिव्यानं डोळे गेले तरी लोटन हाताच्या अंदाजानं काच सरकवी. अडुसष्टच्या हिवाळ्यात तो तापानं पडला. दगूबाईनं खाट दारातच ओढली. दार सताड उघडं, अंगावर सकाळचं ऊन. त्यानं हात पुढं करून हवा चाचपली.

"दगू," तो म्हणाला, "बाहेरनी कडी काढी का वं?"