जावेची जपानी टोपली

नवरात्र बसलं की आमच्या नांदेडच्या घरातली बैठकीची खोली माझी होते. दिवाण भिंतीला सरकतो, टीव्हीवर चादर पडते आणि खाली सतरंजीवर टोपल्या, सेलोफेनचे रोल, सॅटिनच्या रिबिनी, काजू-बदामाच्या बरण्या मांडल्या जातात. बियाण्यांचे डीलर, औषधांचे एजंट, क्लासवाले सर, सगळ्यांना दिवाळीत आपापल्या गिऱ्हाइकांना काहीतरी द्यायचं असतं. ते भरून, सजवून द्यायचं काम मी मुलं शाळेत जायला लागल्यावर सुरू केलं. माझी टोपली लांबून चमकायची. वर रिबिनीचा मोठा पिसारा असायचा. बाजारात लोक मला टोपल्यावाल्या ताई म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

माझी धाकटी जाऊ लातूरची. दिराच्या नोकरीमुळे ती दोघं काही वर्षं जपानात, नागोया शहरात होती. परतल्यावर दिराला लातूरच्या एका कारखान्यात काम मिळालं आणि त्यांनी तिथंच फ्लॅट घेतला. त्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला ती आमच्याकडे आली तेव्हा तिच्या हातात कापडात बांधलेली एक छोटी टोपली होती. कापड इरकली खणाचं, जांभळं, लाल काठाचं. वर एकच गाठ आणि गाठीची दोन टोकं पानांसारखी उभी. तिनं ती दोन्ही हातांनी सासूबाईंपुढं धरली आणि किंचित वाकली.

"आगं बाई, सोडू वाटंना की," सासूबाई म्हणाल्या. "लई नाजूक बांधलंय."

आत तीनच वस्तू होत्या. चहाची डबी, तिळाच्या वड्या आणि निळसर रंगाचा एक कप. बाकी जागा मोकळी. मी मनात म्हटलं, एवढ्या जागेत मी अजून चार डबे बसवले असते. तेवढ्यात नवरा म्हणाला, "बघ, किती साधं आणि किती सुंदर." त्याच्या मागं, सतरंजीवर, माझ्या तयार टोपल्या रांगेनं उभ्या होत्या. त्याला काही सुचवायचं नव्हतं हे मला कळत होतं. तरी मी चहा ठेवायला उठले आणि गॅस पेटवायच्या आधी बराच वेळ ओट्याला धरून उभी राहिले.

माझा राग कापडावर होता. माझी आई रोज शेतात भाकरी घेऊन जायची ती फडक्यातच बांधून. लेकीची ओटी भरतो ती खणानंच. पण आईच्या त्या फडक्याचा कुणी कधी फोटो काढला नाही. तेच जपानला जाऊन आलं तर सगळं घर भोवती गोळा झालं.

पुढच्या वर्षी जाऊही अशा टोपल्या करून विकू लागली, त्यांचे फोटो नेटवर टाकू लागली. त्या नवरात्रात उदगीरच्या दालमिलवाल्या शेठजींचा फोन आला. ते माझे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. हैदराबाद, बिदरकडच्या व्यापाऱ्यांना ते दरवर्षी माझ्याच टोपल्या पाठवायचे.

"ताई, यंदा जरा जपानी पद्धतीचं बघायलोय," ते म्हणाले. "तुमच्या जावेच्या टोपल्यांचे फोटो पाहिले. लई भारी हायेत. नंबर देता का तेवढा?"

मी नंबर दिला. आवाज गोड ठेवला. फोन ठेवल्यावर सासूबाईंनी विचारलं, "कुणाचा गं?" मी म्हटलं, "राँग नंबर."

दोन दिवसांनी जावेचाच फोन. "ताई, ऑर्डर मोठी आहे. मला एकटीला नाही जमायचं. तुम्ही याल का लातूरला?"

नाही म्हणायला चांगली कारणं होती. पण न जाता घरात बसून ती काय करत असेल याचाच विचार करत बसले असते. सकाळच्या एसटीनं निघाले.

तिच्या फ्लॅटमध्ये पसारा असा नव्हताच. किनवटकडून आणलेल्या बांबूच्या टोपल्या एका बाजूला, खणाचे चौकोन एका बाजूला. प्रत्येक टोपलीत बोरसुरीची तूरडाळ, जंगलातला मध आणि एक मातीचा कप. मी म्हटलं, "अजून एक काहीतरी घाल. रिकामी दिसते."

"चार नको, ताई. तिकडं चार आकडा वाईट मानतात. त्यांच्या भाषेत तो मरणासारखा ऐकू येतो."

"उदगीरच्या शेठला कुठं जपानी येतं?"

ती हसली, पण चौथी वस्तू घातली नाही. मग कापड कसं घ्यायचं ते दाखवू लागली. डावं टोक आधी, उजवं शेवटी वर. उलटं केलं तर ते दुःखाच्या प्रसंगाचं होतं. दाखवताना तिची गाठ सैल पडत होती. बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची. मी एक टोपली ओढली आणि आईच्या भाकरीची गाठ मारली. हलवली तर सुटत नव्हती, टोक ओढलं की एका झटक्यात मोकळी. जाऊ बघत राहिली.

"कुठं शिकलात?"

"शिकायचं काय त्यात?" मी म्हणाले. मला फार बरं वाटलं, आणि ते तिला दिसू नये म्हणून मी लगेच दुसरी टोपली घेतली.

त्यानंतर कप, डाळ, मध ती ठेवायची आणि गाठी मी मारायची. दुपारी जेवताना मी तिला सहज विचारलं की तुला हे कुणी शिकवलं.

"शेजारच्या आजीनं," ती म्हणाली. ताटातला भात ती बोटानं गोळा करत राहिली. "तिथं माझं एक बाळ गेलं, ताई. चौथ्या महिन्यात. इकडं आम्ही कुणाला सांगितलं नाही. हे कामावर जायचे, मी खिडकीत बसून राहायची. ती आजी एक दिवस कापडात बांधलेला डबा घेऊन आली. तिला मराठी येत नव्हती, मला जपानी येत नव्हती. मग तिनं ते कापड सोडलं आणि मला बांधायला शिकवलं. रोज यायची. आम्ही दोघी नुसत्या गाठी मारत बसायचो."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी मला त्या नागोयाच्या म्हातारीचा हेवा वाटला. घरची थोरली जाऊ मी. त्या दिवसांत तिला सांभाळायचं काम माझं होतं, आणि ते एका परक्या बाईनं केलं. दर रविवारी आमचा व्हिडिओ कॉल व्हायचा. मी तिला विचारायची, बर्फ पडतो का, भाजी मिळते का. ती हसून सांगायची, मिळते.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्ही लगेच सगळं आवरायला घेतलं असतं, ताई," ती म्हणाली. "मला तेव्हा कुणी नुसतं बसणारं हवं होतं."

हे मला लागलं. खरं होतं म्हणूनही लागलं.

टोपल्या घेऊन आम्ही दोघी उदगीरला गेलो. शेठजींनी ऑफिसात टेबलावर एक ठेवून सगळ्या बाजूंनी पाहिली. "लातूरच्या ताईंनी कमाल केली," ते म्हणाले.

"गाठी सगळ्या यांच्या आहेत," जाऊ म्हणाली. "माझ्या सुटत होत्या."

"हो का? वा, वा," शेठजी म्हणाले आणि मोबाईल काढून तिच्याबरोबर टोपलीचा फोटो घेऊ लागले. तिनं मला हात धरून जवळ ओढलं. त्या फोटोत मी अर्धीच आले आहे.

आता आम्ही काम मिळून करतो. क्लासवाल्या सरांना अजून सेलोफेनच लागतं, आत काय आहे ते पालकांना दिसलं पाहिजे म्हणतात. बाकीचे कापड मागतात. तिच्या फोटोंखाली लोक काय काय लिहितात ते मी रोज वाचते, आणि रोज थोडं दुखतं.

यंदा नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्याची ऑर्डर आली. डॉक्टरीणबाईंनी थेट मला फोन केला. लातूरचं नाव काढलं नाही. म्हणाल्या, "तुमच्याच हातची हवी." मी लगेच जावेला फोन करून ते तसंच्या तसं सांगितलं.

ती पलीकडं गप्प झाली. मग म्हणाली, "छान झालं हो, ताई." आवाज गोड होता. असा गोड आवाज कसा काढतात ते मला चांगलं माहीत होतं. तिला बोलायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ मला फार बरं वाटत होतं. मग मी म्हटलं, "कधी येतेस? टोपलीत काय घालायचं ते तू सांगायचंस."

"शनिवारी येते," ती म्हणाली.