मास्तर, वायरमन आणि उलटा टायमर

गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं शिवणाचं दुकान आहे, त्या मास्तरांना चूक दिसली की गप्प बसवत नाही. लग्नाला गेले तरी नवरदेवाच्या कोटाची डावी बाही बोटभर लांब आहे हे त्यालाच सांगून मग जेवायला बसतात. त्यांची आई म्हणायची, "बाळा, ती टेप दुकानात ठेवून येत जा. आणि घरात शांतता राहत असेल तर थोडं खोटंही बोलावं रे, देव रागावत नाही." साठी उलटलेल्या माणसाला बाळ म्हणणारी ती एकटीच होती. ती गेली आणि टेपेला आवर घालणारं कोणी उरलं नाही.

मास्तर यहुदी, आणि नेमाचे कडक. शुक्रवारी ऊन उतरलं की मशीनचा पट्टा काढून ठेवायचे आणि कोटाच्या कॉलरखाली सुई राहिली नाही ना, ते चाचपून बघायचे. कारण एकदा शब्बाथ लागला की शनिवारच्या सांजेपर्यंत काम नाही, वाहन नाही, फोन नाही, दिव्याचं बटणही नाही. शिंप्याने विसरून सुई खोचून नेली तरी ते ओझं वाहणं झालं, असं जुन्या लोकांनी बजावून ठेवलंय. जुन्या लोकांचा शिंप्यांशी बराच संबंध आला असावा.

या मास्तरांचं त्यांच्याच समाजातल्या वायरमनशी वाजलं ते दिव्यांवरून. शब्बाथला बटण दाबायचं नाही, म्हणून वायरमनने हौसेने सिनेगॉगात टायमर बसवला. दिवे आपोआप लागणार, आपोआप विझणार. पहिल्याच शुक्रवारी दिवस मावळला आणि सगळे दिवे गेले. टायमर उलटा लागला होता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी झुंबर ढणढणत होतं आणि त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. तर त्या शुक्रवारच्या अंधारात मास्तर खणखणीत आवाजात म्हणाले, "ज्याला दिवस-रात्र कळत नाही, त्याच्या हातात वायर देऊच नये!" सगळे पोट धरून हसले. चारचौघांत माणसाची मान खाली घालायला लावणं म्हणजे त्याचं रक्त सांडणं, हेही जुन्या लोकांनीच सांगितलंय. पण मास्तरांना सुईचं कलम जितकं पाठ, तितकं हे नव्हतं.

वायरमनने मास्तरांशी बोलणं टाकलं ते कायमचं. तोंड मात्र टाळता येईना. दहा पुरुष जमल्याशिवाय मुख्य प्रार्थना होत नाहीत, आणि तिथे काठीवाले, कमी ऐकू येणारे सगळे धरून दहाच. म्हणून दर शनिवारी हे दोन वैरी एकाच बाकाच्या दोन टोकांना बसत. मधली जागा कायम रिकामी.

अशाच एका शनिवारी मास्तरांच्या आईची पुण्यतिथी आली. त्या दिवशी मुलाने कद्दीश म्हणायचा असतो. त्या प्रार्थनेला दहा जणांचा मेळा लागतो, आमेन म्हणणारे लागतात. एकट्याने भिंतीला ऐकवून भागत नाही. मास्तर इस्त्रीचा कोट घालून सगळ्यांच्या आधी हजर. सगळ्यात वयस्कर आजोबांनी मोजायला सुरुवात केली. माणसं थेट मोजू नयेत अशी रीत, म्हणून त्यांचं मोजणं उलटं. "एक नाही, दोन नाही..." ते "नऊ नाही"वर येऊन थांबले. वायरमनचा पत्ता नव्हता.

"मुद्दाम!" मास्तर कडाडले. "माझ्या आईच्याच दिवशी! इतकी वर्षं दबा धरून बसला होता!"

मास्तर डोळे पुसत पुसत वायरमनच्या घराकडे निघाले. तावातावाने दार ठोकलं. वायरमनच्या बायकोने उघडलं, तिचा चेहरा पांढराफटक. आत वायरमन खुर्चीत घामाने निथळत, छाती धरून बसला होता.

"सकाळपासून असंच चाललंय, भावजी," ती म्हणाली. "फोन करते म्हटलं तर करू देत नाहीत. गॅस आहे म्हणतात."

"त्याला सांग," वायरमन कण्हत बायकोला म्हणाला, "गॅसच आहे. आणि त्याला म्हणावं, फोनला हात लावू नकोस. माझ्यापायी शब्बाथ मोडला म्हणून जन्मभर गावाला सांगत फिरेल."

"वहिनी, त्याला सांगा," मास्तर ओरडले, "जीव धोक्यात असला की शब्बाथ मोडायचाच असतो. विचारत बसणाराच पापी. गाढवाला एवढंही ठाऊक नाही?"

"गाढव म्हणाला ते ऐकलंस ना?"

"ऐकलं हो! दोघांनाही ऐकलं!"

मास्तरांनी टेबलावरचा फोन उचलला. जन्मात पहिल्यांदाच शनिवारी हातात फोन. नेहमीच्या हाताने केलं नाही तर मोडणं जरा कमी धरतात, म्हणून डाव्या हाताची करंगळी पुढे केली. करंगळी भलत्याच आकड्यावर पडली आणि पलीकडून कोणीतरी विचारलं, "पार्सल की बसून खाणार?"

"भावजी, नीट हाताने करा!" वहिनी किंचाळली.

त्यांनी नीट हाताने केला. ॲम्ब्युलन्स आली. वहिनीला एकटीला कसं सोडायचं, म्हणून मास्तर तिच्यामागोमाग आत चढले. दार लागताना त्यांना लख्ख कळलं की सिनेगॉगात आता आठच उरले आणि आईचा कद्दीश हुकला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर आणलंत. अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं."

दुपार कलताना वॉर्डाच्या दारात गलका झाला. बातमी कळताच ते आठही जण पायी चालत आले होते, काठ्या टेकत. सिस्टरने बोट नाचवलं, "एक, दोन, तीन..."

"मोजू नका!" सगळे एकदम ओरडले. सिस्टर दचकून भिंतीला टेकली.

"पेशंटपाशी दोघंच!" ती सावरून म्हणाली. "बाकीचे बाहेर."

मास्तर खिडकीपाशी गेले. ऊन अजून होतं, म्हणजे आईचा दिवस अजून संपला नव्हता. दारातले आठ, ते स्वतः आणि पलंगावरचा, दहा भरत होते. पण मागायचं कोणत्या तोंडाने? आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाह्या मापणारा माणूस खाली मान घालून उभा राहिला.

"सिस्टर," पलंगावरून क्षीण आवाज आला, "त्याच्या आईचा दिवस आहे. पाच मिनिटं म्हणू द्या. नाहीतर माझं बीपी वाढेल."

सिस्टरने यंत्राकडे पाहिलं, मग म्हाताऱ्यांकडे, आणि सगळ्यांना आत घेऊन दार लोटलं.

दुपारची प्रार्थना दबक्या आवाजात झाली. शेवटी मास्तर कद्दीश म्हणू लागले आणि पहिल्याच ओळीला अडखळले. तेवढ्यात पलंगावरून आमेन आलं, बाकी सगळ्यांच्या वर. कित्येक वर्षांनी वायरमनने मास्तरांच्या बोलण्याला दिलेलं ते पहिलं उत्तर. मास्तर रडत रडत शेवटपर्यंत म्हणत गेले.

संपल्यावर वायरमनने त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"तो टायमर मी बरोबर लावला होता," तो म्हणाला.

टायमर उलटा होता हे तिथल्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेलं. मास्तरांचं तोंड सवयीने उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"बरोबरच होता," मास्तर म्हणाले, आणि खुर्ची ओढून पलंगाला चिकटून बसले. "त्या दिवशी सूर्यच जरा लवकर मावळला होता."