शेवरीचं पोकळ बी

केराबाईचा एक हट्ट होता: बी कधी दुसऱ्याच्या हातचं घ्यायचं नाही. वळसंगच्या शिवारात तिच्या बांधावर शेवरीची रांग होती आणि तिच्या पाल्यावर अकरा शेळ्या जगत होत्या. गुडघे गेल्यापासून म्हातारीचं रानोमाळ हिंडणं बंद झालं होतं. शेवरी राहिली तरच शेळ्या राहणार. आणि शेवरी म्हणजे चार-पाच वर्षंच जगणारं झाड. ही रांग आता वाळत चालली होती.

आषाढात तिने घरचं बी टोकलं. उगवलंच नाही. पावसाला दोन शिव्या हासडून ती गप्प बसली. राखेत घोळलेलं अर्धं बी अजून गाडग्यात होतं.

दिवाळीच्या सुमारास गाडगं उघडलं, तर आत बारीक काळ्या माश्या वळवळत होत्या. ज्वारीत किडे झाले की बाई काय करते? उन्हात घालते. केराबाईनेही तेच केलं. राखणीला बरं म्हणून शेवरीलगतच घोंगडं अंथरलं. माश्या भुर्रकन उडाल्या. ब्याद टळली म्हणून बाई चक्क खूश! डोक्यावर हिरव्या शेंगा लोंबत होत्या, पण तिकडे बघायचं तिला काय कारण?

नात अंकिता शेतकी कॉलेजातून सुट्टीला आली होती. तिने एक बी नखाने फोडलं. आत बिनपायाची पांढरी अळी, बियात मावेल एवढीच.

"आज्जे, ह्यो ज्वारीचा किडा न्हाय. गांधीलमाशीच्या कुळातली बारकी माशी हाय ही. शेंग हिरवी आसतानाच कवळ्या बियात सुई खुपसून अंडं घालती. अळी आतला गर खाती, साल तशीच ऱ्हाती. मोटी झाली की माशी हून भोक पाडती अन् भाईर."

"मंजी आषाढात म्या काय पेरलं?"

"टरफलं. आन् हे उन्हात कुटं घातलंतंस?"

"हितंच की."

अंकिताने वर हिरव्या शेंगांकडे बोट दाखवलं. उडालेल्या माश्या कुठे गेल्या असतील, ते केराबाईला आता उमगलं.

पौषात शेंगा वाळल्या. केराबाईने परातीत पाणी घेऊन बी ओतलं. भरलेलं बी बुडतं. हे सगळं तरंगलं. फोनवर अंकिता म्हणाली, "झाडं तोड, शेंगा जाळून टाक, न्हायतर त्यातनं पुन्यांदा माश्या निगत्याल. पावसाळ्यात मी चांगलं बी आणती."

"आन् तंवर शेळ्या काय खात्याल? तुजी पुस्तकं?"

केराबाईने फोन ठेवून दिला. पोरीवर उगाच ओरडले म्हणून म्हातारीला वाईट वाटलं. राग खरा स्वतःवरच होता. घोंगडं तिनेच अंथरलं होतं, आपल्या हातांनी.

शेवटी तिने शेळ्या विकायचं ठरवलं; सोमवारी व्यापारी त्या न्यायला येणार होता. रविवारी केराबाईने कोयता उचलला. पहिला घाव पडताच शेळ्या दाव्याला हिसके देऊन ओरडू लागल्या. त्यांना तो आवाज जेवणाचा. तिने त्या सोडल्या. शेंगा ओरबाडून जाळात टाकल्या आणि फांद्या शेळ्यांपुढे. एवढा पाला एका वेळी त्यांना कधीच मिळाला नव्हता. पोटं टम्म झाली, तरी थोरली शेळी केराबाईच्या मांडीला डोकं घाशीत आणखी मागत राहिली.