सेंद्रियही कापलाय

गोदामात सगळे तिला कात्रीबाई म्हणत. लोकांनी घरबसल्या मागवलेले आणि नापसंत करून परत पाठवलेले कपडे तिच्या टेबलावर येत. काही पुन्हा विक्रीला जात. ज्यांची नव्याने घडी घालणंही मालकांना परवडत नसे, ते ती कापून टाकी. कोऱ्या कापडावर कात्री चालवताना सुरुवातीला तिचा हात अडखळे. पुढे सवय झाली.

नवरा गेल्यापासून घरात ती एकटीच. लेक दूरच्या शहरात नोकरीला. तिला यायला जमत नसे, म्हणून ती वस्तू पाठवी: उशी, टेबलावरचा दिवा, मऊ चपला. पार्सल पोचलं की फोन येई. "आई, मिळालं का? रंग आवडला?" बोलणं तेवढंच.

एक दिवस टेबलावर निळा स्वेटर आला. लेकीने पाठवलेला तसाच स्वेटर घरी कपाटात, अजून पिशवीतच होता. कात्रीबाईने टेबलावरचा कापला आणि जेवणाच्या सुट्टीत लेकीला फोन लावला.

"बाळा, आता काही पाठवू नकोस गं."

"अगं, मी बघूनच घेते. सेंद्रिय कापूस, पुठ्ठ्याचं वेष्टन..."

"सेंद्रियही कापलाय मी."

लेक दुखावली. "तू नाही घेतलंस म्हणून जग थोडंच वाचणार आहे?"

"नाही वाचणार. पण माझ्याच्याने आता घेववत नाही."

पार्सलं थांबली. त्यांच्यामागोमाग फोनही थांबले. टेबलावरचा ढीग मात्र तसूभरही कमी झाला नाही. ती घरी येई, एका माणसाचा भात लावी, दाराशी पाऊल वाजलं की मान वर करी. पाऊल शेजाऱ्यांकडे जाई.

शेवटी एका रविवारी तिनेच फोन केला.

"काही हवंय का, आई?"

"नाही गं. सहजच."

लेक हळूच म्हणाली, "मग आपण बोलायचं काय?"

"तुझ्या खिडकीतून काय दिसतं?"

लेक हसली. मग समोरची भिंत, गळका पाइप, त्यावर बसणारं कबुतर, सगळं सांगत राहिली. कात्रीबाई डोळे मिटून ऐकत होती.

"ये कधीतरी," ती म्हणाली.

"बघते."

त्या वर्षी लेक आली नाही. फोन मात्र अधूनमधून येऊ लागला, कधी दोन वाक्यांचा, कधी नुसत्या कबुतराचा.